कोळंबी खाते तरी काय?

मुंबईच्या कुठल्याही मासळी बाजारात कोळंबी सोलून घेतली की मावशी तिच्या पाठीवर एक चीर देतात आणि आतला काळा दोरा ओढून टाकतात. तो का काढायचा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: 'घाण असते ती.' त्यापुढची समजूतही बऱ्याच घरांत ऐकू येते. कोळंबी समुद्रतळाशी राहते, तिथलं सडकं-कुजकं खाते, म्हणून तिच्या पोटात घाण. ही समजूत अर्धीच खरी आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर आपल्या खाड्यांकडे, तिथल्या चिखलाकडे आणि तिवरांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं.

काळा दोरा म्हणजे कोळंबीचं आतडं. त्यातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काय दिसतं? वाळूचे बारीक कण. डायटम नावाच्या एकपेशीय शैवालांची काचेसारखी नक्षीदार कवचं. चिखलात राहणाऱ्या समुद्री कृमींचे ताठ केस. अगदी छोट्या कवचधारी प्राण्यांच्या पायांचे, शेपट्यांचे तुकडे. शिंपल्यांच्या पिल्लांच्या कवचाचा चुरा. आणि या सगळ्याभोवती भरपूर तपकिरी लगदा, ज्यातलं काहीही डोळ्यांना ओळखू येत नाही. कोळंबीच्या आहारावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं छळलं ते या लगद्यानं. त्यात ओळखण्याजोगं काही उरत नाही म्हणून त्याची नोंद 'कुजलेला गाळ' अशी व्हायची, आणि त्यावरून कोळंबी प्रामुख्यानं गाळ खाते असा निष्कर्ष निघायचा. लगदा का होतो हे पाहिलं की यातली अडचण लक्षात येते.

पण आधी एक गोष्ट. 'कोळंबी' म्हणून आपण जे विकत घेतो तो एकच प्राणी नाही. जवळा, करंदी आणि मोठी कोळंबी हे तीन वेगळे गट आहेत आणि त्यांचं राहणं-खाणंही वेगळं आहे. करंदी म्हणून मिळणाऱ्या वाट्यात तर एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात. मोठ्या कोळंबीतल्याही काही जाती वाढीच्या काळात खाडीत येतात, तर पॅरापीनिऑप्सिस स्टायलिफेरासारख्या काही जाती जन्मभर समुद्रातच राहतात. खाली बरंचसं वर्णन आहे ते खाडीत येणाऱ्या मोठ्या कोळंबीचं. जवळ्याकडे नंतर स्वतंत्रपणे येऊ, कारण मुंबईच्या समुद्राचा त्याच्याशिवाय विचारच करता येत नाही.

कोळंबी काय खाते याचं उत्तर तिच्या वयावर अवलंबून आहे. मादी किनाऱ्यापासून दूर, समुद्रात अंडी सोडते. एका वेळी त्यांची संख्या लाखांच्या घरात जाते. साधारण अर्ध्या-पाऊण दिवसात अंड्यातून नॉप्लियस नावाचं टिंबाएवढं पिल्लू बाहेर येतं. ते काहीच खात नाही. अंड्यातला बलक अजून त्याच्या अंगात असतो, त्यावर ते दीड-दोन दिवस काढतं. बलक संपतो, पिल्लू कात टाकून झोइया अवस्थेत जातं आणि तिथून त्याची खरी भूक सुरू होते. झोइयाचं तोंड, पायांवरचे केस, सगळी रचना पाण्यातले डायटम गाळून खाण्यासाठी असते. पोटातून सतत काहीतरी जात राहिलं पाहिजे, अशी ही अवस्था. आजूबाजूच्या पाण्यात त्या दोन-चार दिवसांत डायटम नसतील तर पिल्लं झपाट्यानं मरतात.

हे माणसाला कळलं ते जपानमध्ये. मोतोसाकु फुजिनागा यांनी १९३०च्या दशकात कुरुमा जातीच्या कोळंबीची अंडी प्रयोगशाळेत उबवली. अंडी फुटत, पण पुढे पिल्लांना खायला काय द्यायचं हा प्रश्न अडला होता. स्केलेटोनेमा हे साखळी करून वाढणारं डायटम मुद्दाम वाढवून दिल्यावर पिल्लं जगली आणि पुढच्या अवस्थांत गेली. त्यांचा या कामावरचा मोठा निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. आज आपल्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावर कोळंबी बीज तयार करणारी जी केंद्रं आहेत, त्यांच्या आवारात हिरवट-तपकिरी पाण्यानं भरलेल्या टाक्या दिसतात. त्या टाक्यांत डायटमच वाढत असतात.

झोइयानंतर मायसिस. ही अवस्था शैवाल सोडत नाही, पण आता तिला हलतं भक्ष्य पकडता येऊ लागतं. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, इतरांची पिल्लं ती खाते. मायसिसही संपली की दीड-दोन आठवड्यांच्या वयात कोळंबीचं रूप स्पष्ट होतं आणि ती तळाशी उतरते. भरतीच्या पाण्याबरोबर ती किनाऱ्याकडे, खाड्यांच्या तोंडांकडे सरकते. मनोरी, मालाड, ठाणे, माहीम या खाड्या आपल्याला शहराच्या मागच्या बाजू वाटतात. कोळंबीसाठी त्या वाढीच्या जागा आहेत. काही महिने तिथे खाऊन-पिऊन ती मोठी होते आणि मग अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघते.

खाडीत ती खाते कशी, ते पाहण्यासारखं आहे. डोळ्यांवर तिची फारशी भिस्त नसते, आणि त्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी किती? पाण्यातले वास तिला डोक्यावरच्या आखूड मिशांनी कळतात. मांसातून पाझरणाऱ्या अमिनो आम्लांचा माग तिला फार थोड्या प्रमाणातही लागतो. जवळ गेल्यावर काम सुरू होतं पायांचं. मोठ्या कोळंबीच्या चालण्याच्या पायांपैकी पहिल्या तीन जोड्यांना टोकाशी चिमुकले चिमटे असतात आणि त्यांना चवही कळते. बाजारातली कोळंबी हातात घेऊन पाहिलीत तर हे चिमटे साध्या डोळ्यांनी दिसतील. त्यांनी ती चिखलाचा पृष्ठभाग सतत चाचपते, एकेक कण उचलते, चाखते, पटला तर तोंडाकडे नेते, नाही तर टाकून देते. म्हणजे समोर येईल ते गिळणारा हा प्राणी नाही. निवड चालू असते, फक्त ती आपल्याला दिसत नाही इतक्या बारीक पातळीवर चालते.

तोंडाशी जबडे घासाचे तुकडे करतात, पण खरं दळण पोटात होतं. कोळंबीच्या जठरात कठीण दातांची एक रचना असते, अक्षरशः जात्यासारखी. जठराचे स्नायू हे दात एकमेकांवर फिरवतात आणि आलेला घास दळला जातो. त्यापुढच्या कप्प्यात दाट केसांची गाळणी असते. अतिशय बारीक कण आणि रस तेवढे त्यातून पार होऊन डोक्यातल्या मोठ्या पाचकग्रंथीत जातात. कोळंबीचं डोकं तोडलं की जो पिवळट-केशरी गर दिसतो, ती ही ग्रंथी. आपल्या यकृताची आणि स्वादुपिंडाची, दोघांची कामं ती एकटी करते. गाळून उरलेला चोथा पातळ पडद्यात गुंडाळला जातो आणि आतड्यात ढकलला जातो. घास आत गेल्यापासून चोथा बाहेर पडेपर्यंत काही तासच लागतात.

आता त्या तपकिरी लगद्याचं कोडं उलगडतं. मऊ शरीराचा कृमी, शैवालाची पेशी, जिवाणूंचा थर, हे सगळं दळलं गेल्यावर ओळखीचं काही उरत नाही. टिकतं ते कठीण: वाळू, डायटमचं कवच, कृमीचे केस. पोट फाडून आहार ठरवायचा म्हटलं की कडक वस्तू जास्त मोजल्या जातात आणि मऊ अन्न 'गाळ' या एका नावाखाली हरवतं. कोळंबीवर घाण खाण्याचा शिक्का बसायला हे दळणही थोडं जबाबदार आहे, असं मला वाटतं.

मग खाडीत तिला पोसतं कोण? बरीच वर्षं उत्तर होतं: तिवराची पानं. फ्लोरिडातल्या कांदळवनांवर ओडम आणि हील्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जे काम केलं, त्यातून एक सुंदर साखळी मांडली गेली. पान गळून पाण्यात पडतं. त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात. नुसतं पान निकृष्ट अन्न आहे, त्यात नायट्रोजन कमी आणि पचायला जड धागे जास्त. पण सूक्ष्मजीव चढल्यावर त्याचा कस वाढतो. खेकडे, कोळंबी, छोटे मासे ते खातात आणि त्यांना मोठे मासे. कांदळवनं वाचवण्यासाठी ही साखळी जगभर सांगितली गेली, आपल्याकडेही.

पुढे नवी पद्धत हाती आली. प्राणी जे खातो त्यातल्या कार्बनची खूण त्याच्या मांसात उतरते. कार्बनचे दोन स्थिर प्रकार निसर्गात असतात, एक हलका आणि एक किंचित जड. त्यांचं गुणोत्तर तिवराच्या पानात वेगळं, समुद्रातल्या तरंगत्या शैवालात वेगळं आणि चिखलावरच्या शैवालात आणखी वेगळं असतं. हजारी प्रमाणात मोजलं तर कांदळवनाच्या पानांचं मूल्य साधारण उणे २८च्या आसपास येतं, समुद्री प्लवकांचं, म्हणजे या तरंगत्या शैवालाचं, उणे २०च्या जवळपास, आणि चिखलावरच्या डायटमचं बहुधा त्याहूनही वर. नायट्रोजनच्या जड प्रकाराचं प्रमाण अन्नसाखळीत प्रत्येक पायरी चढताना सरासरी ३.४ने वाढतं. त्यामुळे कोळंबीच्या मांसाचा छोटा तुकडा तपासला तर दोन प्रश्नांची उत्तरं मिळू शकतात: अन्नाचा उगम कुठला, आणि ती स्वतः शाकाहाराच्या जवळ आहे की मांसाहाराच्या. पोटातला लगदा शेवटच्या काही तासांचं सांगतो. मांस गेल्या काही आठवड्यांचं सांगतं.

या तपासण्यांनी चित्र बदललं. मलेशियात १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खाडीच्या आतल्या प्राण्यांत कांदळवनाचा कार्बन दिसला, पण किनाऱ्यापासून दूर गेल्यावर ती खूण विरत गेली आणि प्लवकांची दिसू लागली. फिलिपिन्समधल्या ग्विमारास बेटावर युर्गेन प्रिमावेरा यांनी तिथल्या कांदळवनातल्या कोळंबीची पिल्लं तपासली. १९९६च्या त्यांच्या निष्कर्षानुसार पिल्लांच्या अन्नाचा मुख्य उगम पानं नव्हे, तर प्लवक आणि मुळा-खोडांवर चढणारं शैवाल होता. आपल्या देशातही गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातल्या कोरिंगा इथे, स्टीव्हन बुइयाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केलं. तळाच्या बहुसंख्य प्राण्यांचा आधार स्थानिक प्लवक आणि चिखलावरचं सूक्ष्म शैवाल हाच निघाला. गळलेल्या पानांचा वाटा अपेक्षेपेक्षा कमी होता.

म्हणजे तिवरं बिनकामाची, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये. त्यांची मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात, पिल्लांना मोठ्या माशांपासून लपायला जागा देतात आणि शैवालाला चढायला आधार देतात. कुजणाऱ्या पानांतून सुटणारी पोषकद्रव्यं शेवटी शैवालापर्यंत पोहोचतातच. पानाची मदत आहे, फक्त ती वळसा घेऊन कोळंबीच्या पोटात जाते. पण या संशोधनानं एका दुर्लक्षित जागेकडे लक्ष वेधलं, आणि हे मुंबईकरांनी नीट ऐकावं असं मला मनापासून वाटतं. ती जागा म्हणजे उघडा चिखल.

ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किंवा वाशीच्या पुलावरून खाली पाहा. मैलोगणती करडा चिखल पसरलेला असतो, वर झाड नाही, गवत नाही. नीट पाहिलं तर ऊन पडलेल्या भागावर सोनेरी-तपकिरी झाक दिसते. ते डायटम. चिखलात राहणारी ही शैवालं हलू शकतात. दिवसाची ओहोटी लागली की ती वर येतात, ऊन घेतात, अन्न तयार करतात आणि पाणी परत यायच्या सुमारास चिखलात शिरतात. सरकताना ती जो चिकट द्रव सोडतात त्यानं चिखलाचे कण एकमेकांना धरून राहतात. या थरावर जगतात सूतकृमी, कोपेपॉड नावाचे सूक्ष्म कवचधारी प्राणी, केसाळ समुद्री कृमी, शिंपल्यांची पिल्लं. भरती चढली की पाण्याबरोबर कोळंबी या पट्ट्यावर येते आणि चिमट्यांनी हे सगळं वेचते: वरचा सोनेरी थर, त्यातले जिवाणू, त्यावर जगणारे किडे. पिल्लू लहान असताना शैवालाचा वाटा जास्त असतो. अंगानं वाढली की कृमी, छोटे कवचधारी आणि शिंपले यांचा वाटा वाढत जातो. मोठी कोळंबी बऱ्याच अंशी शिकारीच असते. मेलेलं मिळालं तर तेही सोडत नाही, हे खरं. पण तिची वाढ होते ती जिवंत अन्नावर.

तिवर तोडलं तर निदान बोभाटा होतो. मुंबई उच्च न्यायालयानं २००५मध्ये कांदळवनांची तोड थांबवणारा आदेश दिला, २०१२मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला, लोक फोटो काढून तक्रार करतात. चिखलावर भराव पडला तर तितकी हळहळ होत नाही, कारण तिथे तोडण्यासारखं काही दिसतच नाही. कायद्याला मात्र त्याची किंमत माहीत आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९च्या अधिसूचनेत जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे कांदळवनांच्या बरोबरीनं सर्वांत संवेदनशील वर्गात घातलेले आहेत. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात येणाऱ्या हजारो रोहित पक्ष्यांमुळे तिथला चिखल थोडा प्रसिद्धीला आला. २०१५मध्ये अभयारण्य झालं, २०२२मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. धाकटे रोहित त्याच चिखलातलं सूक्ष्म शैवाल आणि निळे-हिरवे जिवाणू गाळून खातात. पक्षी आणि कोळंबी, दोघांचं ताट एकच.

कोळंबीच्या जेवणाच्या वेळाही ठरलेल्या असतात. बऱ्याच जाती दिवसा चिखलात किंवा वाळूत अंग पुरून घेतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येतात. उधाणाच्या दिवसांत मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, त्यामुळे एरवी कोरडे राहणारे वरचे पट्टेही तिला खुले होतात. भांगेच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत ही सवलत नसते. आणि अधूनमधून ती जेवतच नाही. वाढण्यासाठी तिला कवच बदलावं लागतं. त्याआधी ती खाणं थांबवते आणि कवच टाकल्यावर नवं कवच कडक होईपर्यंत लपून राहते, कारण तोंडाचे भाग आणि चिमटेही तेव्हा मऊच असतात. नंतर काही जणी आपलंच टाकलेलं कवच खातात, त्यातली खनिजं वाया जाऊ देत नाहीत. मऊ अवस्थेत सापडलेल्या भावंडाला दुसरी कोळंबी खाऊनही टाकते. शेततळ्यांत दाटीनं कोळंबी वाढवणाऱ्यांची ही कायमची चिंता असते.

आता जवळा. शास्त्रीय नाव असेटिस इंडिकस. लांबी जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, अंग पारदर्शक, शेपटीच्या मुळाशी लालसर ठिपके. चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नसतातच, कारण त्याचं आयुष्य तळावर चालण्यात जात नाही. थव्यांनी पाण्यात राहायचं, तरंगते डायटम आणि कोपेपॉड खायचे, सोबत पाण्यात ढवळून आलेला बारीक गाळही. मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे आणि भरती-ओहोटीच्या ओढीनं कायम गढूळ असतो. अशा पाण्यात जवळ्याला हवं ते सगळं आहे.

आणि जवळा ज्यांना हवा आहे तेही इथेच आहेत. बोंबलाचं पोट उघडलं तर त्यात बहुतेक वेळा जवळा आणि करंदीच असते, मधूनच एखादा लहान बोंबीलही. वाकटी, ढोमी यांच्याही आहारात त्याचा मोठा वाटा आहे. डायटम, जवळा, बोंबील, माणूस: इतकी आखूड साखळी आणि इतका भरघोस माल, ही या उथळ समुद्राची देणगी आहे. वर्सोवा, मढ, उत्तनच्या कोळी बांधवांचं डोल जाळं या समुद्राला साजेसंच आहे. ते खुंटांना बांधून प्रवाहात उभं करतात. ते माशामागे धावत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच जवळा आणि बोंबील त्यात आणून सोडतं. म्हणून उधाणाला, ओढ जोरात असताना, डोलीचं काम जोरात. कोळंबीच्या जेवणाचं आणि कोळ्याच्या कामाचं वेळापत्रक एकाच चंद्रावर चालतं.

कोळंबीनं काय खाल्लं याच्या खुणा आपल्या स्वयंपाकघरातही दिसतात. करड्या रंगाची कोळंबी तव्यावर टाकताच लाल-केशरी होते, ती अस्टाझॅन्थिन या रंगद्रव्यामुळे. या जातीची रंगद्रव्यं मुळापासून बनवणं कोळंबीला जमत नाही. शैवाल ती बनवतं, आणि शैवालातून किंवा शैवाल खाणाऱ्या किड्यांतून ती कोळंबीकडे येतात. जिवंतपणी हे रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून निळसर-करडं दिसतं. उष्णतेनं प्रथिन मोडतं आणि रंग मोकळा होतो. कोलेस्टेरॉलचंही तसंच. कोळंबीत ते भरपूर असतं म्हणून डॉक्टर हात आखडता घ्यायला सांगतात, पण आपल्यासारखं ते शरीरात बनवण्याची सोय कोळंबीकडे नाही. कात टाकण्याची संप्रेरकं बनवायला तिला ते लागतंच, त्यामुळे अन्नातून मिळवावं लागतं. ओमेगा-३ मेदाम्लांचा मूळ कारखानाही बऱ्याच अंशी डायटमच.

शेततळ्यातली कोळंबी याला अपवाद असेल असं वाटतं. मुंबईत फ्रोझन पाकिटांत मिळणारी बरीचशी कोळंबी व्हॅनामेई जातीची असते. ही मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरची, भारतात व्यापारी संवर्धनासाठी २००९ साली आली. तिला मासळीची भुकटी आणि सोयाबीन असलेलं गोळी-खाद्य दिलं जातं. कोळंबी गोळी गिळत नाही, पायांत धरून कुरतडते, म्हणून ती गोळी पाण्यात काही तास न विरघळता टिकावी लागते. तरीही १९८७च्या एका अमेरिकी अभ्यासात, याच कार्बनच्या खुणेवरून, असं दिसलं की तळ्यातल्या व्हॅनामेईच्या वाढीचा निम्म्याहून जास्त भाग खाद्यातून नव्हे, तळ्यात आपोआप वाढणाऱ्या जिवांतून आला होता. पोतीच्या पोती खाद्य टाकूनही तळातला थर तिला पोसतच होता.

मग घाणीचं काय? मुंबईच्या खाड्यांत सांडपाणी जातं हे कुणाला सांगायला नको. त्यातला सेंद्रिय भाग थोडा असता तर खतासारखा उपयोगी पडला असता. जास्त झाला की तो कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतो, केसाळ कृमींच्या मोजक्या काटक जाती उरतात आणि कोळंबी ती जागा सोडते. ती सांडपाण्यावर पुष्ट होते, हा गैरसमज आहे. जड धातूंची गोष्ट वेगळी. ते मांसापेक्षा पाचकग्रंथीत जास्त साठतात. त्यामुळे काळजी करायचीच तर काळ्या दोऱ्यापेक्षा डोक्यातल्या गराची आधी करावी, विशेषतः कोळंबी शहराच्या खाडीतली असेल तर. दोरा काढावा तो मुख्यतः वाळू दाताखाली येऊ नये म्हणून. जवळा आणि करंदीचा दोरा कुणी काढत नाही, आणि त्यानं काही बिघडत नाही.

प्लास्टिकचा प्रश्न मात्र खरोखर नवा आहे. मुंबईलगतच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीच्या पोटात प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे आणि धागे सापडले आहेत. चिखलातून कण वेचून खाणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला ते येणारच. वाळू चोथ्याबरोबर निघून जाते, धागा मात्र जठराच्या दातांत अडकू शकतो. स्कॉटलंडच्या क्लाइड भागातल्या नॉर्वे लॉबस्टरमध्ये हे नीट तपासलं गेलं. २०११च्या त्या अभ्यासात ८३ टक्के प्राण्यांच्या पोटात प्लास्टिक होतं, आणि अनेकांत धाग्यांच्या गुंतवळी झाल्या होत्या. पुढच्या कामातून आणखी एक गोष्ट कळली. या प्राण्यांच्या जठराचं अस्तर आणि त्यातले दात हे बाहेरच्या कवचाचाच भाग असतात, म्हणून कात टाकताना तेही बदलले जातात. त्या वेळी जुन्या अस्तराबरोबर अडकलेले धागेही बाहेर पडतात. कोळंबीच्या जठराची घडण तशीच आहे आणि लहान वयात ती फार लवकर लवकर कात टाकते. पूर्ण वाढलेल्या कोळंबीत दोन कातींमधलं अंतर वाढतं, त्यामुळे तिच्या पोटात धागा जास्त काळ राहण्याचा संभव अधिक.